लेकुरवाळी भाजी, सांगलीतील एक खानावळ आणि तडजोडीचा क्रम

सांगलीच्या गणपती पेठेच्या मागच्या अंगाला एका अरुंद बोळात सहा टेबलांची एक खानावळ आहे. पाटीवर 'घरगुती जेवण' एवढीच अक्षरे आहेत आणि येणारी मंडळी तिला मावशींची खानावळ म्हणून ओळखतात. वर्षभर तिथे झुणका, आमटी, भाकरी असे साधे जेवण मिळते आणि ते चांगले असते. मार्गशीर्ष सरत आला की माघ संपेपर्यंत मात्र दुपारच्या थाळीत भोगीची भाजी असते, आणि हे परीक्षण त्या भाजीचे आहे. गेल्या हंगामात मी ती पाच वेळा खाल्ली. एकदा एकट्याने, एकदा पत्नीसोबत आणि तीन वेळा आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेच्या कामासाठी सांगलीला आलेल्या सभासदांसोबत. त्या तीन जेवणांमुळेच हे लिहायला घेतले आहे, कारण गावकीत आणि राजकारणात ज्याला आपण तडजोड म्हणतो, तिची रीत मला या पातेल्यापाशी जितकी स्पष्ट दिसली तितकी बारा वर्षांच्या बैठकांत दिसली नव्हती.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण ऐकतच आपण वाढलो. त्या दिवशी शेतात आणि मंडईत जे जे पिकलेले असते ते एका भांड्यात जाते: हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, ओले शेंगदाणे, गाजर, वांगी, बटाटा, शेवग्याच्या शेंगा, चार बोरे, आणि सगळ्यांना बांधून ठेवायला तिळाचे कूट. पुष्कळ लेकरे कडेखांद्यावर घेतलेल्या बाईसारखी ही भाजी दिसते, म्हणून आमच्याकडे तिला लेकुरवाळी म्हणतात; काही भागांत हिलाच खेंगट असे नाव आहे. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोण्याचा गोळा. सांगलीत ही भाजी विशेष शोभते असे मला वाटते. वांगी कृष्णाकाठची, हळद इथल्याच बाजारातली आणि बाजरी जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू रानातली. हा जिल्हासुद्धा असाच एकत्र आणलेला आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि सांगली, मिरज, जत यांसारख्या संस्थानांचा मुलूख मिळून १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

प्रथम चवीविषयी लिहितो. मावशींची भाजी ताटात आली की वरून एकसंध तांबूस दिसते, पण भाकरीच्या तुकड्याने उचलली की प्रत्येक घास वेगळा लागतो. सोलाणा दाताखाली हलका फुटतो आणि त्याचा हिरवट गोडवा जाणवतो. पावट्याचा किंचित तुरटपणा शाबूत असतो. शेवग्याची शेंग चोखताना तिच्यात रस्सा शिरलेला असतो. गाजराची फोड बोटाने दाबली तर दबते, पण मोडत नाही. रश्श्यात तिळाचा खमंगपणा आहे, गूळ आहे हे कळते पण गोड लागत नाही, चिंच आहे हे शेवटी कळते. वांगे मात्र शोधूनही फारसे सापडत नाही. पहिल्या दिवशी मला वाटले की वांगी घालायची राहिली असावीत. विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "अण्णा, वांगं रश्श्यात गेलंय. त्येच्यामुळंच रस्सा दाट हाय."

दुसऱ्या भेटीत लवकर पोहोचलो आणि जेवण तयार व्हायला अवकाश होता, तेव्हा त्यांनी मला आत चुलीजवळ बसू दिले. गॅसची शेगडी असली तरी पातेले जुने, जर्मनचे, बुडाला ठोके पडलेले. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद पडल्यावर त्यांनी प्रथम पावटा, सोलाणे आणि ओले शेंगदाणे घातले, थोडे पाणी शिंपडले आणि झाकणावर पाणी ठेवून तब्बल वीस मिनिटे दुसरे काहीही आत जाऊ दिले नाही. बाकीच्या भाज्या चिरून परातीत वाट पाहत होत्या. मग गाजर आणि बटाटा. मग घेवडा आणि शेवगा. वांगी त्यानंतर, आणि बोरे अगदी उतरवायच्या बेताला. तिळाचे आणि दाण्याचे कूट, कांदा-लसूण चटणी आणि गूळ हे सगळे भाज्या मऊ झाल्यावर. (भोगीच्या दिवशी नैवेद्य असतो म्हणून त्या दिवशीच्या पातेल्यात कांदा-लसूण नसतो; एरवी गिऱ्हाइकाला तो लागतो. ही त्यांची स्वतःची तडजोड, आणि ती त्यांनी कोणालाही न दुखावता निभावली आहे.) चिंचेचा कोळ सर्वांत शेवटी. मी विचारले की कोळ आधीच घातला तर आंबटपणा सगळ्यांत मुरणार नाही का. त्यांनी पळी न थांबवता उत्तर दिले, "अवो, चिंच आदी पडली की दाणा रुसतोय. मग दिवसभर शिजवा, ताठच ऱ्हातोय."

हे पाककृतीपुरते खरे आहेच. आंबट पाण्यात डाळ किंवा दाणा लवकर शिजत नाही हे कोणतीही सुगरण सांगेल. पण त्या क्षणी मला आमच्या संस्थेची तीन वर्षांपूर्वीची सर्वसाधारण सभा आठवली.

आमचे गाव एका उपसा सिंचन योजनेच्या वितरिकेवर आहे आणि आमच्या चारीची (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याची) लांबी साधारण साडेतीन किलोमीटर आहे. हेडला, म्हणजे चारीच्या तोंडाशी, ऊस, मधल्या पट्ट्यात द्राक्षबागा, टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, ज्वारी-हरभरा आणि अलीकडे थोडी हळद. आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की भांडण ठरलेले. कित्येक वर्षे आम्ही एकाच तत्त्वावर पाळीपत्रक (कोणाला केव्हा किती तास पाणी याचा तक्ता) करत होतो: एकराला तास समान. कागदावर यापेक्षा न्याय्य काही दिसत नाही. प्रत्यक्षात हेडच्या शेतकऱ्याच्या तासात पाणी पहिल्या मिनिटाला बांधावर असते, तर टेलच्या शेतकऱ्याच्या तासातला मोठा भाग कोरडी चारी भिजवण्यात आणि वाटेतल्या फुटक्या दारांतून गळण्यात जातो. तास समान दिले जात होते, पाणी समान मिळत नव्हते. त्या सभेत टेलच्या मंडळींनी हे मांडायला सुरुवात केली आणि पहिल्या पाच मिनिटांतच हेडकडून कोणीतरी टेलच्या पाणीपट्टीच्या थकबाकीचा कागद वाचून दाखवला. थकबाकी खरी होती. पण ती त्या घटकेला काढल्यामुळे पुढचे तीन तास कोणीही एक पाऊल मागे आले नाही, सभा तहकूब झाली आणि त्या वर्षी टेलची ज्वारी वाळली. मी त्या सभेचा सचिव होतो. थकबाकीचा विषय पत्रिकेवर सर्वांत वर मीच लिहिला होता, आणि त्याची खंत मला आजही आहे.

पुढच्या वर्षी आम्ही क्रम बदलला. पाणी टेलपासून हेडकडे द्यायचे, हे सिंचनाच्या व्यवहारातले जुनेच आणि जाणत्यांनी मान्य केलेले तत्त्व आहे. महाराष्ट्राने २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला तेव्हापासून तर त्यावर सतत बोलले जाते. पण हेडच्या माणसाने आपल्या दारासमोरून पाणी वाहत जाताना पाहून दार बंद ठेवायचे, ही गोष्ट कायद्याने होत नाही. ती झाली, कारण या वेळी आम्ही प्रथम टेलचे दुखणे पूर्ण ऐकून घेतले, मग चारीची दुरुस्ती कोणी किती करायची ते ठरवले, मग पाळ्या ठरवल्या आणि थकबाकीचा विषय सर्वांत शेवटी घेतला. शेवटी घेतल्यावर टेलच्या मंडळींनी ती तीन हप्त्यांत भरण्याचे स्वतःहून कबूल केले.

म्हणून मावशींच्या चुलीपाशी बसल्यावर माझ्या मनात जे पक्के झाले ते असे: तडजोड म्हणजे प्रत्येकाला सारखे देणे किंवा प्रत्येकाकडून सारखे काढून घेणे, ही समजूत अपुरी आहे. ज्याला शिजायला वेळ लागतो त्याला आधी आच मिळाली पाहिजे. पावटा आणि वांगे यांना सारखीच मिनिटे दिली तर पावटा कच्चा राहतो आणि वांग्याचा लगदा होतो, आणि दोघांवरही अन्याय होतो; न्याय झाल्याचे समाधान मात्र कोणालाच नसते. अशी भाजी मी खाल्ली आहे. मागल्या वर्षी शहरातल्याच एका मोठ्या भोजनगृहात 'भोगी विशेष' थाळी घेतली होती. सगळ्या भाज्या एकदम कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या होत्या हे पहिल्या घासाला कळले. नावे नऊ भाज्यांची होती, चव एकाच पातळ रश्श्याची होती आणि पावट्याचे दाणे ताटाच्या कडेला काढून ठेवावे लागले.

राज्यकर्त्यांनीही असा कुकर एकदा लावून पाहिला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य केले गेले, तेव्हा ती तडजोड म्हणूनच पुढे ठेवली गेली होती. ती दोन्हीकडच्या लोकांच्या गळी उतरली नाही आणि साडेतीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, राज्य दोन झाले. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. आपल्या घराघरांत ते माहीत आहे.

त्याच काळातली संयुक्त महाराष्ट्र समिती ही मात्र मला खरी लेकुरवाळी भाजी वाटते. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात ती स्थापन झाली तेव्हा प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी वर्षानुवर्षे भांडलेले पक्ष एका भांड्यात आले. एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे यांचे किती बाबतींत पटत नव्हते हे सांगायला नको. तरी मुंबईसह महाराष्ट्र एवढ्या एका मुद्द्यावर त्यांनी आपापला आंबटपणा मागे ठेवला. १९५७ च्या निवडणुकीत आपल्या भागाने समितीला भरभरून मते दिली. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेत गेले. राज्य मिळाले आणि समिती विरघळली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. ज्यांनी राज्यासाठी जिवाचे रान केले त्यांच्या वाट्याला सत्ता आली नाही. मावशींच्या भाजीत वांगे शोधताना मला हे आठवले, आणि तेव्हापासून त्या दाट रश्श्याकडे मी वेगळ्या आदराने पाहतो. तडजोडीत कोणीतरी आपला आकार सोडतो. त्याची आठवण जेवणाऱ्याने ठेवली पाहिजे, कारण ताटात तो दिसणार नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर ही तुलना फसवी ठरेल. पातेल्यात वांग्याला कोणी विचारत नाही. पळी मावशींच्या हातात असते आणि त्यांचा हात चांगला आहे म्हणून सगळे निभावते. माणसांच्या तडजोडीत पळी कोणाच्या हाती, हाच मूळ प्रश्न असतो, आणि विरघळणाऱ्याची संमती घेतली होती का, हा दुसरा. विदर्भ-मराठवाड्यासह सगळा मराठी मुलूख एका राज्यात आणण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराकडे या नजरेने पाहावे. आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि विदर्भ-मराठवाड्यातील नेते यांनी मिळून तो केला. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन, लोकसंख्येच्या प्रमाणात विकासखर्च, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष. शेवटचे कलम वाचताना मला आमच्या चारीचे टेल दिसते. जो मागे आहे त्याला आधी, हे तत्त्व त्या कागदावर लिहिलेले आहे. पण पहिल्या आचेवर पावटा ठेवण्याचे लिहून देणे वेगळे आणि वीस मिनिटे दुसऱ्या कोणाला आत न जाऊ देणे वेगळे. अधिवेशन बहुतेक वर्षी हिवाळ्यात नागपूरला भरत राहिले; खर्चाचे प्रमाण मात्र इतके ढळले की १९८३ साली अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची राहिलेली तूट, मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली. शिवाय करार ज्यांना मान्य नव्हता तेही होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, आणि त्याच मागणीचे पुरस्कर्ते बापूजी अणे १९६२ मध्ये नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले. आपण कृष्णाकाठचे लोक या राज्यात हेडला बसलो आहोत. धरणे, कारखाने, सूतगिरण्या आपल्या दारात आधी आल्या. त्यामुळे तो करार पुरेसा पाळला गेला असे म्हणण्याचा अधिकार मला तरी आहे असे वाटत नाही.

तिसऱ्या जेवणाच्या वेळी सोबतच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या वसंतदादा पाटलांचा विषय काढला, तो सांगलीत निघणारच. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत २८८ जागांच्या विधानसभेत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. जे दोन काँग्रेस गट फेब्रुवारीत एकमेकांविरुद्ध लढले होते त्यांनी मार्चमध्ये वसंतदादांच्या नेतृत्वाखाली सरकार केले आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये ते सरकार पडले आणि १८ जुलैला शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. आमच्या ज्येष्ठांचे म्हणणे असे की दादांसारखा माणसे जोडणारा नेता असूनही ते टिकले नाही, यातच सगळे आले. माझे मत थोडे निराळे आहे. त्या भांड्यात चिंच आधीच पडलेली होती. निवडणुकीत एकमेकांना बोललेले शब्द ताजे होते, आणि मग आच कितीही दिली तरी दाणा ताठच राहिला. यावर आमची भाकरी थंड होईपर्यंत चर्चा झाली आणि आमचे एकमत झाले नाही.

आता खानावळीच्या उणिवा. दुपारी साडेबारानंतर गेल्यास बोळात उभे राहावे लागते आणि सावली नाही. भाजी एकदाच वाढली जाते, दुसऱ्या वाढीचे चाळीस रुपये वेगळे पडतात, आणि ही गोष्ट आधी सांगितली जात नाही. ती फलकावर लिहावी असे मी सुचवले आहे. चौथ्या भेटीत गाजर कच्चे लागले. त्या दिवशी मावशी गावाला गेल्या होत्या आणि पातेले त्यांच्या सुनेने केले होते. सुनेच्या हाताला चव आहे, पण ती घाई करते. ठेचा फार जहाल आहे, बेताने घ्यावा. हात धुण्याच्या जागेची स्वच्छता सुधारायला हवी. थाळी दीडशे रुपयांना आहे, तिच्यात भाजी, दोन भाकऱ्या, खिचडी, लोणी, ठेचा आणि ताक येते, आणि आजच्या भावात मला ती स्वस्तच वाटते. भाकरीविषयी वेगळे लिहायला हवे होते. तव्यावरून थेट ताटात येते, तीळ भाजल्याचा वास आधी पोहोचतो, आणि पापुद्रा इतका सुटा असतो की लोणी त्याच्यात आपसूक उतरते.

पाचव्या वेळी आम्ही चौघे होतो, दोन हेडचे आणि दोन टेलचे. पाटबंधारे कार्यालयात पुढच्या आवर्तनाची मागणी देऊन आलो होतो. एकाच टेबलावर बसलो. टेलच्या गृहस्थांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले की चैत्रातल्या पाळीला आमच्या हळदीला दोन तास वाढवून मिळतील का. हेडच्या गृहस्थांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी मावशींना हाक मारून भाजीची दुसरी वाढ मागितली, ती सर्वांच्या ताटात वाढायला सांगितली, आणि मग खिशातून पाळीपत्रक काढून टेबलावर पसरले.

खानावळ सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंत उघडी असते आणि सोमवारी बंद असते. भोगीच्या दिवशी जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, कारण त्या दिवशी पातेले एकच होते.